वॉर्साच्या वाझिएन्की उद्यानातले शोपाँचे स्मारक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मारक नेमके कुठे आहे? उद्यान मोठे आहे म्हणतात.

मोठे आहेच, सुमारे ७६ हेक्टर. बहुतेकांची चूक इथेच होते. नकाशावर 'वाझिएन्की' टाकतात, खालच्या बाजूच्या दाराशी उतरतात आणि तळ्यातला राजवाडा, मोर, खारी बघत अर्धा तास चढण चढत राहतात. पोलंडचा पियानोवादक आणि संगीतकार शोपाँ याचे स्मारक उद्यानाच्या वरच्या पातळीवर, अलेये उयाझ्दोव्स्किए या रुंद रस्त्याला लागून आहे. त्याच रस्त्यावरच्या दाराने आत या. दारापासून स्मारक दोन-तीन मिनिटांवर आहे आणि वाट सपाट आहे. खूण हवी असेल तर विद्यापीठाचे वनस्पती उद्यान एका बाजूला आणि बेल्वेदेर राजवाडा दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मधला हा पट्टा.

बसने कसे जायचे?

जुन्या शहराकडून येत असाल तर ११६ किंवा १८० क्रमांकाची बस धरा. दोन्ही क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे या रस्त्यावरून येतात. 'वाझिएन्की क्रुलेव्स्किए' थांब्यावर उतरा. मेट्रोचे जवळचे स्थानक पोलितेख्निका (एम १ मार्ग), पण तिथून एक किलोमीटरहून जास्त चालावे लागते.

तिकीट पहिल्या झोनचे पुरते. कागदी तिकीट बसमध्ये चढल्याबरोबर छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा असतो. फोनवरचे तिकीटही गाडीत चढल्यावर सुरू करावे लागते. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, ही सबब तपासनीस ऐकत नाहीत.

रविवारी या रस्त्यावर शर्यती, मोर्चे, संचलने असली की बस दुसरीकडून वळवतात. पंतप्रधानांचे कार्यालय याच रस्त्यावर असल्याने मोर्चांना तोटा नसतो. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा मार्ग फोनवर पाहून घ्या.

प्रवेश शुल्क किती?

उद्यानाला नाही, स्मारकाला नाही, स्मारकापाशी रविवारी होणाऱ्या पियानोच्या मैफलीलाही नाही. तिकीट लागते ते उद्यानातले राजवाडे आणि प्रदर्शने आतून पाहायला.

मैफली कधी असतात?

साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, दर रविवारी दोनदा: दुपारी १२ वाजता आणि ४ वाजता. ही प्रथा १९५९ पासून चालत आली आहे. मैफल साधारण तासाभराची असते. नक्की तारखा आणि वादकांची नावे दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला जाहीर होतात. पहिला आणि शेवटचा रविवार दरवर्षी बदलतो. तुमचा मुक्काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा ऑक्टोबरमध्ये असेल तर विमानाचे तिकीट काढण्याआधी वेळापत्रक बघा.

किती आधी पोचावे आणि कुठे बसावे?

बाक हवा असेल तर पाऊण तास आधी. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात, हवा छान असेल तर त्याहूनही आधी. उशीर झाला तरी बिघडत नाही. लोक गुलाबाच्या ताटव्यांमधल्या हिरवळीवर, पायऱ्यांवर, पाण्याच्या कडेला बसतात. अंथरायला चादर किंवा पातळ सतरंजी आणा, कारण सकाळचे दव किंवा आदल्या रात्रीचा पाऊस गवतात मुरलेला असतो आणि ते बसल्यावरच कळते.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, ऊन. वॉर्सात उन्हाळी वेळेनुसार सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. म्हणजे बाराची मैफल ऐन भर उन्हात पार पडते आणि झाडांची सावली बुंध्यापाशीच गोळा झालेली असते. चारच्या मैफलीला सावल्या लांबलेल्या असतात, बसायला जास्त जागा मिळते. लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर आमचा कौल चारच्या मैफलीला.

दुसरी, ध्वनिक्षेपक. पुढे बसले की पियानो जास्त चांगला ऐकू येतो हा समज इथे चालत नाही. अगदी पुढे आणि कडेला बसलात तर एकाच ध्वनिक्षेपकाच्या तोंडी सापडता. थोडे मागे, मधोमध बसा. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा पोचतो.

तिसरी, पाण्याचा हौद. तो पुतळ्यासमोरच आहे, त्यामुळे त्याच्या काठावरून पुतळा आणि प्रतिबिंब दोन्ही दिसतात, पण वादकाचे हात बहुधा दिसत नाहीत. हात पाहायचे असतील तर पियानो कुठल्या बाजूला लावला आहे ते आल्याआल्या बघून घ्या.

पियानो ध्वनिक्षेपकावरून का ऐकवतात? साधा का नाही वाजवत?

पुष्कळ जणांचा यावरून विरस होतो, पण दुसरा इलाज नाही. सभागृहात भिंती आणि छत आवाज परत फेकतात, म्हणून शेवटच्या रांगेतही पियानो भरदार वाटतो. उघड्यावर परत फेकणारे काहीच नाही. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो: पाच मीटरवर जो आहे तो दहावर तितका कमी, वीसवर आणखी तितका. खालचे, मंद्र स्वर आधी हरवतात. शेकडो माणसे पसरून बसलेली, बाजूला वाहता रस्ता, वर झाडांची सळसळ. यात शोपाँचा हळुवार नॉक्टर्न (रात्रीच्या शांततेची पियानोरचना) तिसऱ्या बाकापुढे पोचणार नाही.

पुतळ्यापासून दूर बसलात आणि वादकाची बोटे स्वराच्या किंचित आधी पडताना दिसली तर डोळ्यांचा दोष समजू नका. आवाजाला ३४ मीटर कापायला एक दशांश सेकंद लागतो.

उघड्यावर पियानोचेही हाल होतात. त्याच्या आत दोनशेहून जास्त पोलादी तारा ताणलेल्या असतात. ऊन पडले की तारा प्रसरण पावतात, ताण कमी होतो, स्वर उतरतो. हवेतला ओलावा वाढला की लाकडी ध्वनिफलक फुगतो आणि स्वर चढतो. दोन्ही एकाच वेळी, पण सगळ्या तारांवर सारखे होत नाही, आणि खरी पंचाईत तीच. सबंध वाद्य सारखे उतरले असते तर कुणाच्या लक्षातही आले नसते. म्हणून पियानोवर आच्छादन असते आणि मैफलीआधी सूर लावले जातात. तरी शेवटच्या रचनेत एखादा वरचा स्वर कणसूर लागला तर वादकाला बोल लावू नका.

पाऊस आला तर?

रिमझिम पावसात वादक आच्छादनाखाली असतो आणि श्रोते छत्र्या उघडून बसलेले असतात. मागच्या माणसाला दिसावे म्हणून रेनकोट बरा. गडगडाटी वादळ आले तर मात्र उघड्या मैदानात झाडाखाली थांबू नका. वॉर्साच्या उन्हाळ्यात अशी वादळे दुपारनंतर जास्त येतात. मे आणि सप्टेंबरमध्ये ऊन असले तरी वारा गार असतो, स्वेटर जवळ असू द्या.

काय वाजवतात? पाश्चात्त्य संगीत फारसे ऐकलेले नाही, कळेल का?

बहुतेक सगळे शोपाँचेच. त्याने जवळजवळ आयुष्यभर पियानोसाठीच लिहिले, त्यामुळे कार्यक्रम भरायला दुसऱ्याकडे जावे लागत नाही. चार बॅलड, चार स्केर्त्सो, एकवीस नॉक्टर्न, ओपस २८ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधले चोवीस प्रेल्यूड, सत्तावीस एत्यूद आणि पन्नासहून जास्त मझुर्का या पियानोरचनांतून निवड होते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने दोन प्रकार ओळखायला शिकावेत, बाकी आपोआप येते. पोलोनेझ हा संथ, रुबाबदार चालीचा नाच. तीन मात्रा, पहिली ठोस, तिच्या पाठोपाठ बारीक तुकडे. ओपस ५३ वाजू लागले की श्रोत्यांच्या माना हलतातच. मझुर्काही तीन मात्रांचीच, पण जोर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि तो जागाही बदलतो. सम पकडायला बसलात तर हटकून चकाल. आपल्याकडे तबल्याची सवय असलेल्यांना हा खेळ चटकन आवडतो. नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताची लय स्थिर असते आणि उजवा हात तिच्यावर रेंगाळतो, पुढे पळतो, पुन्हा येऊन मिळतो.

टाळ्या कधी वाजवायच्या याची चिंता करू नका. सोनाटा ही अनेक भागांची रचना, तिच्या दोन भागांच्या मध्ये सभागृहात वाजवत नाहीत, इथे वाजल्या तरी कुणी डोळे वटारत नाही. फोन मात्र बंद ठेवा.

पुतळा वाकडा का वाटतो?

पुतळा सरळच आहे, वारा वाकडा आहे. वॉर्साभोवतालच्या मझोविया प्रांतातल्या विलोच्या झाडाखाली शोपाँ बसला आहे, वाऱ्याने झाड त्याच्यावर झुकले आहे आणि तो डोळे मिटल्यासारखा ऐकतो आहे, अशी ही कल्पना. मराठी डोळ्यांना पुतळा म्हटले की घोड्यावरचा किंवा उभा, हात वर केलेला माणूस आठवतो. इथे माणसाएवढेच महत्त्व झाडाला आहे. झाडाचा झुकलेला शेंडा पियानोवादकाच्या बोटे पसरलेल्या पंजासारखा दिसतो. विशिष्ट कोनातून त्यात पोलंडच्या गरुडाचे डोके दिसते असेही सांगतात. पंजा हौदापलीकडून समोर उभे राहिले की चटकन दिसतो. गरुडासाठी हौदाला हळूहळू फेरी मारावी लागते, आणि खरे सांगायचे तर थोडी मनाची तयारीही लागते.

पुतळ्याचे शिल्पकार शिमानोव्स्की म्हणजे संगीतकार शिमानोव्स्कीच का?

नाही. हे वात्स्वाव शिमानोव्स्की (१८५९–१९३०), शिल्पकार आणि चित्रकार. संगीतकार तो कारोल शिमानोव्स्की. चौथरा आणि भोवतालची वास्तुरचना ओस्कार सोस्नोव्स्की यांची.

शोपाँ १८४९ मध्ये गेला आणि स्मारक १९२६ मध्ये. सत्त्याहत्तर वर्षे का लागली?

कारण वॉर्सा रशियन साम्राज्यात होते आणि शोपाँ हे नाव राजकीय होते. तो २ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सा सोडून गेला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला रशियाविरुद्ध उठाव झाला आणि मोडून काढला गेला. शोपाँ परत आलाच नाही. त्याच्या मझुर्का आणि पोलोनेझ परक्या राज्यात आपल्या देशाची आठवण म्हणून वाजू लागल्या. १८६३ च्या उठावाच्या काळात रशियन सैनिकांनी वॉर्सातल्या झामोइस्की राजवाड्यातून सामान बाहेर भिरकावले, त्यात शोपाँचा पियानोही खिडकीतून खाली गेला. अशा शहरात त्याचा पुतळा उभारायला झार सहजासहजी परवानगी देणार नव्हता.

ती परवानगी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली, तीही पीटर्सबर्गच्या शाही ऑपेरात गाणाऱ्या आदेलायदा बोल्स्का या गायिकेच्या खटपटीने. १९१० मध्ये शोपाँच्या जन्माला शंभर वर्षे होत होती, तेव्हा स्मारक व्हावे असा बेत होता. स्पर्धा झाली, शिमानोव्स्कींची रचना निवडली गेली आणि वाद पेटला. संगीतकाराचा असा वाऱ्याने झुकलेल्या झाडाखालचा पुतळा पुष्कळांना पटला नाही. वाद, पैसा आणि जागा यांच्या घोळात १९१० उलटून गेले. मग पहिले महायुद्ध आले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर फ्रान्समध्ये ओतकाम करून घेऊन १४ नोव्हेंबर १९२६ रोजी अनावरण झाले. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, वॉर्सात पहिली आंतरराष्ट्रीय शोपाँ पियानो स्पर्धा भरली.

आज दिसतो तो पुतळा मूळचाच आहे का?

नाही. नाझींनी ३१ मे १९४० रोजी मूळ पुतळा सुरुंग लावून पाडला. ताब्यात आलेल्या वॉर्सातले त्यांनी उद्ध्वस्त केलेले हे पहिले स्मारक. तुकडे कापून धातू वितळवण्यासाठी नेला. शोपाँचे संगीत जाहीरपणे वाजवण्यावरही बंदी आली. लोकांनी ते घराघरांतून, बंद दारांआड वाजवले.

आजचा पुतळा त्याच रचनेनुसार पुन्हा ओतलेला आहे आणि मूळ जागीच उभा आहे. त्याचे अनावरण ११ मे १९५८ रोजी झाले. पुढच्या उन्हाळ्यापासून रविवारच्या मैफली सुरू झाल्या. तेव्हा 'प्रतिकृती' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी तेवढ्यावरून पुतळा दुय्यम ठरवू नये असे आम्हाला वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्साचे जुने शहरही असेच पुन्हा बांधलेले आहे.

चौथऱ्यावर काय लिहिले आहे?

दोन मजकूर शोधा. एक पोलिश कवी आदाम मित्स्किएविच यांच्या ओळी. आशय असा: रंगवलेला इतिहास आग गिळून टाकेल, तलवारीचे चोर खजिने लुटतील, गाणे मात्र सुखरूप निसटून जाईल. या ओळी १८२८ मधल्या, म्हणजे पुतळा पडण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीच्या.

दुसरा मजकूर कोरडा, सरकारी थाटाचा आहे: जर्मनांनी ३१ मे १९४० रोजी पाडलेला आणि लुटलेला शोपाँचा पुतळा राष्ट्र पुन्हा उभारत आहे. खाली तारीख १७ ऑक्टोबर १९४६. ही तारीख पाहून पुष्कळ प्रवासी पुतळा १९४६ मध्ये परत बसवला असे लिहून टाकतात. तो त्यानंतर बारा वर्षांनी उभा राहिला. १७ ऑक्टोबर ही शोपाँची पुण्यतिथी.

पाडलेल्या पुतळ्याजवळ चिठ्ठी सापडल्याची गोष्ट खरी का?

वॉर्सात ती आवडीने सांगतात. दुसऱ्या दिवशी अवशेषांवर एक चिठ्ठी होती म्हणे, खुद्द शोपाँच्या तोंडची: मला कुणी पाडले ते ठाऊक नाही, पण का पाडले ते कळते, तुमच्या नेत्याच्या अंत्ययात्रेला मी शोकगीत वाजवू नये म्हणून. तिचा रोख ओपस ३५ च्या सोनाटामधल्या प्रसिद्ध शोकयात्रेच्या धूनवर आहे. आख्यायिका म्हणूनच ऐका.

शोपाँला इथेच पुरले आहे का?

नाही, इथे फक्त स्मारक आहे. त्याचे शरीर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. हृदय मात्र वॉर्सात, क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चेवरच्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ठेवलेले आहे. युद्धकाळात ते हलवले होते, १७ ऑक्टोबर १९४५ रोजी परत आणले. चर्च ११६ आणि १८० च्या मार्गावरच आहे, तेव्हा स्मारकाकडे येताना वाटेत उतरून पाहता येते. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना चालू असतात, त्या वेळी खांबाभोवती घुटमळू नये.

पुतळा हिरवट का दिसतो? धुवत नाहीत का?

ती घाण नाही. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथिल. नवे ओतकाम सोनेरी तपकिरी असते. हवेतल्या प्राणवायूने आधी गडद तपकिरी थर येतो, मग शहरी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तांब्याचे हिरवट क्षार तयार होतात. पावसाचे पाणी जिथून ओघळते तिथे फिकट हिरव्या रेघा उमटतात आणि आडोशाच्या खाचांत काळपट थर साचतो. झाडाच्या फांद्यांखाली हा फरक जवळून नीट दिसतो. हिरवा थर घट्ट असेल तर खालच्या धातूचे रक्षण करतो, म्हणून ब्राँझच्या पुतळ्यांवरून तो घासून काढत नाहीत. हौदात नाणी टाकू नका आणि पोरांना चौथऱ्यावर चढवून फोटो काढू नका.

फोटो चांगला कधी येतो?

आठवड्यातल्या साध्या दिवशी, सकाळी लवकर. गर्दी नसते आणि वारा पडलेला असला तर हौदात प्रतिबिंब स्थिर असते. मोबाइल पाण्याच्या जवळ, खाली धरा. पुतळा गडद आणि आकाश उजळ असल्याने आपोआप काढलेल्या फोटोत चेहरा काळा पडतो. पडद्यावर शोपाँच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा. मैफलीच्या वेळी पुतळ्याचा स्वच्छ फोटो मिळण्याची आशा सोडा. म्हणून जमले तर दोनदा या: एकदा पाहायला, एकदा ऐकायला. ड्रोन उडवू नका. आसपास सरकारी इमारती आहेत, प्रकरण अंगाशी येईल.

चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी नेता येईल का?

वरच्या दाराने आलात तर येते. अडचण पुढे आहे. तळ्यातला राजवाडा उताराखाली आहे आणि जाताना सोपी वाटणारी वाट परतताना दमवते. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी वर स्मारक पाहावे, मग उतरून राजवाडा पाहावा आणि खालच्या बाजूनेच बाहेर पडावे. परत वर चढू नये.

खाणेपिणे, सायकल, इतर नियम?

सोबत आणलेला डबा हिरवळीवर बसून खायला हरकत नाही, कचरा तेवढा परत न्या. दारू नको, पोलंडमध्ये सार्वजनिक जागी पिण्यावर बंदी आहे. सायकल दाराबाहेर लावा. खारींना बिस्किटे, चिप्स देऊ नका.

हिवाळ्यात गेलो तर काही ऐकायला मिळेल का?

स्मारकापाशी मैफल नसते. पण २०१० मध्ये, शोपाँच्या दोनशेव्या जन्मवर्षी, त्याच्याशी संबंधित ठिकाणी काळ्या दगडाचे पंधरा बाक बसवले. बटण दाबले की शोपाँच्या रचनेचा तुकडा वाजतो. सगळे बाक एका वेळी चालू असतीलच असे नाही. एक मुका निघाला तर पुढचा दाबून पाहा.

असाच पुतळा जपानमध्ये पाहिल्यासारखा वाटतो.

बरोबर. हामामात्सु शहरात याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. यामाहा आणि कावाई हे पियानो बनवणारे दोन्ही कारखाने त्याच शहरातले.

एकच रविवार हातात आहे. कसा आखावा?

सकाळी होली क्रॉस चर्च, प्रार्थनांच्या मधल्या वेळेत. मग बसने साडेअकराच्या आत स्मारकापाशी, बाराची मैफल. एकनंतर उतार उतरून राजवाडा आणि तळे, तिथे दोन तास सहज जातात. शोपाँचे जन्मगाव झेलाझोवा वोला त्याच दिवसात कोंबू नका. ते वॉर्साच्या पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि तिथल्या घराला, बागेला वेगळा दिवस लागतो.